बर्फवाल्या मालिकेचं सुतक

नझीर परकारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा दिसलाच नाही. दार उघडलं तर समोर चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं मशीन होतं आणि त्याच्याखाली दोन पाय. "मोघेसाहेबांचं घर ना वयनी?" असं मशीनमागून कुणीतरी विचारलं. मी हो म्हणून स्वयंपाकघराकडे वळले आणि तो आडवा होऊन आत आला. हात रिकामे नसल्यामुळे दार तसंच उघडं राहिलं. ऑक्टोबर १९८० ची ही गोष्ट. बाहेर अजून उकडत होतं आणि ए.सी.ची सगळी गार हवा जिन्यात चालली होती. दिवाणखान्यात अकरा-बारा माणसं पाय पसरून बसली होती, पण दार लावायला कुणी उठलं नाही. शेवटी स्वयंपाकघरातून मीच आले आणि दार लावलं.

त्या अकरा-बारा जणांविषयी आधी सांगते, म्हणजे नझीर कळेल. नाहीतर त्यांच्यावर शाई खर्च करावी अशी त्यांची लायकी नाही.

आम्ही तेव्हा कुवेतला, सलवामध्ये राहायचो. माझा नवरा शरद कुवेत सिटीत एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट होता. आमचा दिवाणखाना गरजेपेक्षा मोठा होता, आणि हाच आमचा गुन्हा. शरदचा मित्र उदय खरे पाण्याच्या प्लँटवर इंजिनिअर. उदयचा भाऊ टोरांटोला. हा भाऊ तिकडच्या टीव्हीवरची एक विनोदी मालिका कॅसेटवर भरून पार्सलानं पाठवायचा, आणि दर गुरुवारी संध्याकाळी ती बघायला सगळी मंडळी आमच्याकडे जमायची. गुरुवारी ऑफिसं अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. त्यामुळे दोन दिवसांचा आळस आमच्या सोफ्यावर येऊन पडायचा. अध्यक्षस्थानी डॉक्टर विश्वास आपटे. कान-नाक-घशाचे डॉक्टर. स्वतःचा घसा उत्तम होता आणि तो ते भरपूर वापरत. त्यांची बायको प्रभा त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची.

मालिकेचं नाव लिहायचं मला अजूनही जिवावर येतं. मी तिला 'बर्फवाली' म्हणायची. कॅनडातलं एक बर्फानं भरलेलं खेडं, तिथला बसथांबा, आणि बसथांब्यावरचं एक कँटीन. कँटीनचा मालक ऑर्व्हिल नावाचा एक जाडा, चिडका म्हातारा. जो येईल तो दार उघडं टाकून आत येई, बर्फ आत घुसे, आणि ऑर्व्हिल ओरडे, "डोअर!" झालं. एवढ्यावर ती मालिका अकरा वर्षं चालली. तिथल्या लोकांना हसू येत असेल. बर्फात राहणाऱ्या माणसाला उघड्या दाराचं काय वाटत असेल ते मी समजू शकते. पण पन्नास डिग्रीत राहणारी ही आमची पुण्या-मुंबईची मंडळी सोफ्यावरून खाली पडेपर्यंत का हसत होती, ते मला सहा वर्षांत कळलं नाही. अर्धी भाषा त्यांना समजत नव्हती. कॅसेटमधली माणसं हसली की ही हसायची. डॉक्टर जरा आधी हसत, म्हणजे आपल्याला आधी कळलं हे लोकांना कळावं.

आता नझीर यात कुठून आला? तर कॅनडातल्या कॅसेटी आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालत नाहीत. चित्र काळंपांढरं येतं आणि वरून खाली धावत सुटतं. पहिलं पार्सल आलं तेव्हा मंडळींनी ते धावणारं चित्रही तासभर बघितलं होतं, आणि त्यावरही हसली होती. मग कुणीतरी सांगितलं, खैतानमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आपला रत्नागिरीकडचा एक माणूस आहे, त्याच्याकडे कुठल्याही देशाची कॅसेट चालवणारं मशीन आहे. मशीन दुकानाचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. मोडीत निघालेल्या तीन मशिनांमधून त्यानं ते आठ महिने खपून जुळवलं होतं. उदय गेला आणि त्याला गुरुवारचं आवतण देऊन आला. आवतण खरं तर मशीनला होतं. मशीनला पाय नसल्यामुळे नझीर आला.

त्यानंतर सहा वर्षं तो येत राहिला. खैतानहून बसनं यायचा आणि बसथांब्यापासून आमच्या घरापर्यंत ते धूड उचलून चालत यायचा. सोफ्यावरच्या प्रत्येकाकडे गाडी होती. कुणाच्याही वाटेत खैतान येत नव्हतं म्हणे. उन्हाळ्यात शरद कधीमधी त्याला आणायला जाई, तेही मी दोनदा बोलल्यावर. तो मशीन घेऊन आत आला आणि दार उघडं राहिलं की सगळे एका सुरात ओरडत, "डोअर!" आणि हसून हसून लोळत. दर गुरुवारी तोच विनोद. नझीरही हसायचा. पहिल्यांदा त्याला वाटलं असेल की ही माणसं आपलं स्वागत करताहेत. नंतर त्याला खरं काय ते कळलं, तरी तो हसायचा. आणि दार मी लावायची.

नझीर दाभोळचा. वडील खाडीतल्या तरीवर होते. घरी बायको खतिजा आणि मुलगी झुलेखा. झुलेखा आमच्या मुलीच्या, वीणाच्याच वयाची, दोघींमध्ये दीड महिन्याचं अंतर. कुटुंबाला कुवेतला आणायचं तर ठरावीक पगार लागायचा आणि नझीरचा पगार तिथवर कधी पोचला नाही. दोन वर्षांतून एकदा दोन महिने तो गावी जाई. बाकीचे दिवस खैतानमध्ये एका खोलीत चौघांबरोबर. त्या खोलीत एकाची झोपायची वेळ ती दुसऱ्याची उठायची, त्यामुळे दिवा कधी धड लावता येत नसे आणि मोठ्यानं बोलता येत नसे. हे त्यानं मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "तुमच्याकडं आलं का भांडी वाजल्याचा आवाज येतो वयनी. बरं वाटतं," असं म्हणाला. मी त्या वेळी वैतागून भांडी आपटत होते, हे त्याला सांगितलं नाही.

गावाहून परत आला की तो न चुकता आमसुलं आणायचा. आम्ही मासे खात नाही हे त्यानं पहिल्याच महिन्यात लक्षात ठेवलं होतं. प्रभा आपटे त्यातली अर्धी आमसुलं बांधून न्यायची आणि जाताना माझे आभार मानायची.

त्याची जागा टीव्हीच्या बाजूला, जमिनीवर. चित्र हललं की हात घालून ठीक करायला सोयीचं पडे. टीव्हीला मशीन जोडायला एक लाल वायर लागायची. ती तो खिशातून काढायचा, जोडायचा, आणि निघताना गुंडाळून परत खिशात टाकायचा. वीणा त्याच्या शेजारी जाऊन बसायची. ती तेव्हा सहा वर्षांची होती. आमची ही कन्या शाळेत जायला लागल्यापासून माझ्याशी मराठी बोलायची बंद झाली होती. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. पण नझीरला इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे ऑर्व्हिल काय म्हणाला, कुणाला म्हणाला, ते तिला नझीरला मराठीत सांगावं लागे. "तो म्हणतो, तुझ्या बुटाला बर्फ हाय, बाहेर काढ." मग नझीर हसायचा. सगळ्यांचं हसून झाल्यावर अर्ध्या मिनिटानं एकट्याचं हसू ऐकू येई, आणि त्या उशिराच्या हसण्यावर सोफा पुन्हा हसे. मला मात्र वाटायचं, समजून हसणारा या खोलीत हा एकटाच आहे.

वीणाच्या बोलण्यात 'हाय' आणि 'नाय' यायला लागलं, तेव्हा शरदच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, निदान येतंय तरी. मी दोन वर्षं धडपडून जे जमलं नव्हतं ते हा माणूस टीव्हीशेजारी बसून करत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

१९८६ च्या मे महिन्यात टोरांटोहून पत्र आलं. मालिका बंद झाली. शेवटचे नऊ भाग दोन कॅसेटींवर भरून पाठवतो आहे, त्यानंतर काही नाही. उदयनं ते पत्र उभं राहून वाचून दाखवलं. प्रभानं डोळ्याला पदर लावला. डॉक्टर बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एक पर्व संपलं." उदय म्हणाला, "आता गुरुवारचं करायचं काय? जगायचं कशासाठी?" मी वाचकांना शपथेवर सांगते, हे शब्द त्यानं उच्चारले. त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले होते. शरदच्या कंपनीतल्या कितीतरी लोकांना नोटिसा मिळाल्या होत्या. त्यातलं एक कुटुंब आमच्याच मजल्यावर राहायचं, आणि ते सामान बांधत असताना या मंडळींपैकी कुणी त्यांच्या दारात डोकावलं नव्हतं. आदल्या वर्षी डॉक्टरांची आई पुण्याला वारली, तेव्हा पुढच्याच गुरुवारी नवरा-बायको दोघं सोफ्यावर हजर होती. आईनं जे काढलं नाही ते पाणी ऑर्व्हिलनं काढलं.

पण मराठी माणूस नुसता रडून थांबत नाही. तो सभा घेतो. पुढच्या गुरुवारी आमच्या दिवाणखान्यात रीतसर शोकसभा झाली. अध्यक्ष डॉक्टर आपटे. ठराव उदयनं मांडला, प्रभानं अनुमोदन दिलं. "कुवेतमधील रसिकांची ही सभा सदर मालिका बंद करण्याच्या निर्णयाचा तीव्र निषेध करते." शरदनं तो ठराव इंग्रजीत ऑफिसच्या टाइपरायटरवर टाइप करून कॅनडाला पाठवायचा, असं ठरलं. माझा नवरा! आईला पत्र लिही म्हणून मी त्याच्यामागे दोन-दोन महिने लागायची. मग दोन मिनिटं उभं राहून स्तब्धता. मी आत बटाटेवडे तळत होते. तेलाचा आवाज बाहेर येत होता, म्हणून डॉक्टरांनी मला डोळ्यांनी गॅस बंद करायची खूण केली. मी आणखी दोन वडे सोडले.

नझीर टीव्हीशेजारी बसला होता. सगळे उभे राहिलेले बघून तोही घाईनं उठला आणि वीणाला हळूच म्हणाला, "कोण वारला गो?"

"कोण नाय," वीणा म्हणाली. "ऑर्व्हिलचं बंद झालं."

तरी तो मान खाली घालून उभाच राहिला. इतकी माणसं उभी आहेत त्या अर्थी काहीतरी गेलं असणार, असं त्याला वाटलं असावं. सभा संपल्यावर तो वड्यांची बशी घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात आला.

"म्हणजे आता कॅसेटी येणार नाय वयनी?"

"दोन यायच्यात. नऊ भाग आहेत. मग संपलं."

"नऊ," तो म्हणाला.  आम्ही एका गुरुवारी तीन भाग बघायचो. त्यामुळे नऊ भाग म्हणजे तीन गुरुवार. मी मनात तो हिशेब करून बघितला आणि तोही तेच करत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मशीन लागणार नसेल तर नझीरनं आमच्याकडे यायचं कशासाठी? आणि आमच्याकडे यायचं नसेल तर त्यानं गुरुवारी जायचं कुठं? भांडी वाजणारं घर त्याच्याकडे एवढं एकच होतं. मला हे तिथंच, गॅसपाशी, लख्ख कळलं. मी त्याला आणखी एक वडा वाढला.

पार्सल जूनमध्ये आलं. कस्टमवाले कॅसेटी बघायला ठेवून घेत, आणि त्या सोडवून आणायचं कामही पहिल्यापासून नझीरच करायचा, कारण त्याचा दुकानमालक तिथं कुणाला तरी ओळखायचा. त्यामुळे कॅसेटी आधी त्याच्या हातात पडत. पहिल्या गुरुवारी त्यानं एकच भाग दाखवला. "मशीनचा हेड घासलाय. जास्त चालवलं तर कॅसेट खराब व्हायची." मंडळी चडफडली, पण मशीनपुढे त्यांचं काय चालणार! दुसऱ्या गुरुवारी पुन्हा एक. तिसऱ्या गुरुवारी तो हात हलवत आला. मशीन बिघडलंय, हे सांगायला. चौथ्या गुरुवारी पुन्हा तेच सांगायला.

दुकानात फोन होता. दोन मिनिटांत सांगून झालं असतं. त्यासाठी खैतानहून बस बदलून, जूनच्या उन्हात सलवापर्यंत येण्याची काही गरज नव्हती. तो आला, जमिनीवर आपल्या जागी बसला, बंद टीव्हीशेजारी. पोहे खाल्ले. वीणानं त्याला शाळेतल्या कुठल्याशा नाटकाची गोष्ट सांगितली, अख्खी मराठीत. साडेनऊला उठून गेला. चौथ्या गुरुवारीही हेच झालं, तेव्हा मशीन बिघडलेलं नाही याची माझी खात्री पटली. मी कुणाला सांगितलं नाही. हे मी स्वतःच्या बाजूनं एक चांगलं कृत्य म्हणून बरेच दिवस मोजत होते.

सोफ्यावरची मंडळी मात्र उपाशी वाघासारखी झाली होती. ऑर्व्हिलचं शेवटी काय होतं? कँटीन विकतो की मरतो? टोरांटोला फोन करून उदयनं भावाला विचारलं. त्यानं सांगायला नकार दिला, तर दोघा भावांचं भांडण झालं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर उदय खैतानला गेला. बरोबर शरद, आणि सुट्टी होती म्हणून वीणा. दुकानात बघतात तर नझीरचं मशीन काउंटरवर मजेत चालू, आणि त्याच्यावर कुठलीशी फुटबॉलची मॅच.

त्या संध्याकाळी आमच्याकडे तातडीची बैठक बसली. नझीरला मशिनासकट गाडीत घालून आणलं होतं. सहा वर्षांत उदयनं त्याला पहिल्यांदा गाडीत घेतलं ते असं.

"आमच्या कॅसेटी भाड्यानं देत होतास ना?" उदय म्हणाला. "खरं बोल. खैतानभर फिरवल्यास."

"नाय ओ साहेब. कॅसेट माझ्याकडंच होती. पेटीत."

"मग खोटं का बोललास? मशीन तर ठणठणीत आहे."

 नझीरनं एकदा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आजही आवडत नाही. वयनींना ठाऊक आहे, असं त्याला वाटलं असावं. आणि मला ठाऊक होतंच. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अरे गाढवांनो, त्याला इथं यायचं होतं. सोपं वाक्य होतं. पण ते बोलले असते तर पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की मग येत जा. कॅसेट नसली तरी येत जा. आणि सहा वर्षं दर गुरुवारी बारा जणांचं रांधून मी इतकी पिचले होते, की ही कटकट एकदाची संपतेय याच आनंदात होते. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले.

"गरीब माणूस आहे, जाऊ द्या," डॉक्टर म्हणाले. हे ते मोठेपणानं म्हणाले. त्यांना लोकांना क्षमा करायची हौसच होती.

राहिलेले सात भाग शुक्रवारी सकाळी दहापासून सलग बघायचे ठरले. मंडळी नटूनथटून आली. प्रभा पांढरी साडी नेसून आली होती. हे मी रचून सांगत नाही. डॉक्टरांनी घरी केलेलं द्राक्षासव थर्मासमधून आणलं होतं. नझीरनं मशीन आणलं, दार उघडं राहिलं, पण त्या दिवशी कुणी "डोअर!" ओरडलं नाही. सगळे त्याच्यावर रागावले होते ना! तो खाली बसला. वीणा शेजारी जाऊन बसली.

शेवटच्या भागात ऑर्व्हिल मरत बिरत नाही. मोठा रस्ता दुसरीकडून जातो, बस यायची बंद होते, आणि म्हातारा कँटीनला कुलूप लावतो. सगळे दिवे घालवून तो बाहेर येतो आणि ते दार, जे अकरा वर्षं कुणी लावलं नाही, ते स्वतः ओढून घेतो. मग नुसतं बंद दार दिसत राहतं, त्याच्यावर बर्फ पडत राहतं. संपलं. उदयनं चक्क हुंदका दिला. प्रभानं गळाच काढला. डॉक्टर चष्मा पुसत होते. शरदसुद्धा नाक ओढत होता, आणि मला त्याची जितकी लाज तेव्हा वाटली तितकी आमच्या लग्नाच्या पंक्तीत त्यानं भात सांडला तेव्हाही वाटली नव्हती.

त्या रडारडीत नझीर वीणाला विचारत होता, "मग म्हातारा जाणार कुठं आता?"

"दाखवलं नाय."

"आणि ती रोजची जेवायला येणारी माणसं? ती?"

"ती पण नाय दाखवली."

"असं कसं," नझीर म्हणाला. "सांगायला नको?"

बारा जणांत एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. ते स्वतःसाठी रडत होते.

मग अर्थातच समारोप. डॉक्टर दहा मिनिटं बोलले. आणि उदयचं आभारप्रदर्शन. आपल्याकडे वाघानं माणूस खाल्ला तरी शेवटी आभारप्रदर्शन होईल. टोरांटोच्या भावाचे आभार. अध्यक्षांचे आभार. शरदच्या ऐसपैस दिवाणखान्याचे आभार. शामलावहिनींच्या बटाटेवड्यांचे आभार, टाळ्या. प्रभाताईंच्या अश्रूंचे आभार, हशा. वीणा उठून उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "आणि नझीरकाका?"

नझीर तेव्हा टीव्हीच्या मागे होता, वाकून वायरी काढत होता.

"अरे हो, हो," उदय म्हणाला. "नझीरच्या मशीनचेही आभार. शेवटी का होईना, चाललं बिचारं!"

खोली हसली. अर्धं मिनिट मी वाट बघितली. टीव्हीमागून हसू आलं नाही.

तो गेला तेव्हा मी त्याला डब्यात वडे दिले. "डबा राहू दे," असंही म्हणाले. डबा परत करायला त्याला यावं लागू नये, एवढी काळजी मी घेतली.

सुतक किती दिवस टिकलं म्हणाल, तर सहा दिवस. पुढच्याच गुरुवारी मंडळी पत्त्यांचे दोन जोड घेऊन हजर. रमी. ऑर्व्हिलचं नावही कुणी काढलं नाही. जगायचं कशासाठी हा उदयचा प्रश्न तीन पत्ती की तेरा पत्ती एवढ्यावर सुटला. मी पुन्हा बारा जणांचं रांधत होते. म्हणजे कटकट संपलीच नव्हती. संपला होता तो फक्त नझीर.

सात वाजता बेल वाजली. मी हात पुसत दार उघडलं. नझीर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्याचे हात रिकामे होते, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्याला आमच्या दारात मशीनशिवाय असा फार थोड्या वेळा पाहिला होता.

"वयनी, माझी लाल वायर राह्यली काय हितं?"

"बघते हं," मी म्हटलं.

मी आत गेले. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. ये म्हटल्याशिवाय तो आत येणारा नव्हता, आणि मी ये म्हटलं नव्हतं. टीव्हीच्या मागे हात घातला. वायर होती. पडलेली, विसरलेली नव्हती. नीट गुंडाळून, गाठ मारून, भिंतीशी ठेवलेली होती. मी ती उचलली, बाहेर आणली आणि त्याच्या हातात दिली.

"मिळाली," मी म्हटलं.

"हां. मिळाली," तो म्हणाला. त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. टीव्हीशेजारची त्याची जागा रिकामी होती. सोफ्यावर पत्ते पिसत होते. "वीणा बरी हाय ना?"

"अभ्यास करतेय."

"करू दे, करू दे."

तेवढ्यात आतून डॉक्टर गरजले, "डोअर!" आणि सगळा सोफा खो-खो हसला. दार उघडं होतं, गार हवा जिन्यात चालली होती. नझीरही सवयीनं हसला. "येतो वयनी," म्हणाला. वायर खिशात घालत तो दोन पायऱ्या उतरला आणि मी दार लावलं.

वड्यांचे दोन घाणे तळून मी बाहेर आले, तेव्हा वीणा वही घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"हू वॉज इट, आई?"

"नझीर. त्याची लाल वायर राहिली होती, ती न्यायला आला होता."

 त्या शनिवारी वीणा त्याच्या दुकानात जाऊन आली होती.

"बट आई," ती म्हणाली, "ही हॅज बॉक्सेस ऑफ दोज."

मी दार उघडून जिन्यात धावले. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं, थांब्यावरून बस नुकतीच सुटली होती. परत वर आले तर दार तसंच सताड उघडं होतं, आणि आतून पुन्हा तेच ओरडणं ऐकू आलं. त्या दिवसानंतर नझीर आमच्याकडे आला नाही, आणि वीणाचं मराठी मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही.